झुरळांचे दाणापाणी तोडताना

घरात दिसणारे झुरळ कोणत्या जातीचे आहे, यावर त्याचा बंदोबस्त कसा करायचा हे ठरते. जगात झुरळांच्या सुमारे ४,६०० जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतील बहुतेक रानात, पालापाचोळ्याखाली किंवा कुजक्या लाकडात राहतात आणि माणसाच्या वाटेला जात नाहीत. माणसाच्या वस्तीशी संबंध आलेल्या जाती तीसच्या आसपास. महाराष्ट्र-गोव्यातल्या घरांत खरा उच्छाद मांडतात त्या मुख्यतः दोन: लहानखुरे, फिकट तपकिरी जर्मन झुरळ आणि मोठे, तांबूस अमेरिकन झुरळ.

जर्मन झुरळ साधारण दीड सेंटिमीटर लांब असते. डोक्यामागच्या ढालीवर दोन काळसर उभ्या रेघा ही त्याची हमखास खूण. पंख असूनही ते उडत नाही. माणसाच्या वस्तीबाहेर, मोकळ्या रानात या जातीचा संसार आढळत नाही. ती पूर्णपणे घरांच्या आश्रयाने जगते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात १७ देशांतून गोळा केलेल्या २८१ झुरळांच्या जनुकांची तुलना करण्यात आली. ही जात सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात आशियाई झुरळापासून वेगळी झाली आणि व्यापारी मालाबरोबर पश्चिमेकडे गेली, असे त्यातून दिसले. लिनियसने १७६७ मध्ये तिचे बारसे केले तेव्हा ती युरोपात येऊन पोहोचली होती. अमेरिकन झुरळही मूळचे अमेरिकेचे नाही; ते आफ्रिकेतून जहाजांबरोबर जगभर पसरले.

अमेरिकन झुरळ साडेतीन ते चार सेंटिमीटर भरते. त्याचे खरे घर म्हणजे गटार, ड्रेनेजचे चेंबर, मोरी, जिन्याखालची ओलसर अडगळ. स्वयंपाकघरात ते रात्रीच्या पाहुण्यासारखे येते आणि उजाडण्याआधी जाळीतून परत खाली उतरते. पावसाळ्यात गटारे तुंबली की पाण्याने हुसकावलेली ही झुरळे एकदम न्हाणीघरात दिसू लागतात. जर्मन झुरळ मात्र ओट्याखालच्या ट्रॉलीत, फ्रिजच्या मोटरजवळ, मिक्सरच्या पोटात, शेगडीखाली, दाराच्या रबरी पट्टीत ठाण मांडून असते. थोडक्यात, मोठे झुरळ हा नळकामाचा प्रश्न आहे आणि छोटे झुरळ हा कपाटांचा. मोठ्या झुरळासाठी ट्रॉल्या रिकाम्या करणे किंवा छोट्यासाठी मोरीत काहीबाही ओतणे हे दोन्ही कष्ट वाया जातात, आणि बहुतेक घरांत नेमके हेच होत असते.

दोघांच्या वाढीचा वेगही वेगळा आहे. जर्मन झुरळाची मादी अंड्यांची कुपी पिल्ले बाहेर पडण्याच्या बेतात येईपर्यंत शेपटाशी धरून हिंडते. एका कुपीत ३० ते ४० अंडी असतात आणि आयुष्यात ती अशा चार ते आठ कुप्या तयार करते. उबदार हवेत पिल्लू साधारण दोन महिन्यांत प्रौढ होते. एका कुपीतली निम्मी पिल्ले माद्या धरली आणि प्रत्येकीने एकच कुपी तयार केली, तरी पुढच्या पिढीत पाच-सहाशे झुरळे होण्याइतकी शिदोरी त्या एका कुपीतच असते. दिवाळीच्या तोंडावर वर्षातून एकदा घर घासूनपुसून काढल्याने झुरळे का हटत नाहीत, याचे उत्तर या हिशेबात आहे. दोन दिवाळ्यांमध्ये त्यांच्या तीन-चार पिढ्या आरामात होतात. अमेरिकन झुरळाची मादी १४ ते १६ अंड्यांची गडद तपकिरी कुपी एक-दोन दिवसांतच एखाद्या फटीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्याला चिकटवून मोकळी होते. ती फुटायला दीड-दोन महिने लागतात, आणि पिल्लू प्रौढ व्हायला सहा महिने ते वर्ष.

झुरळांची किळस येते हे एक झाले. आरोग्याचे कारण त्याहून ठोस आहे. गटारातून ओट्यावर येणारे झुरळ पायांवर आणि पोटात साल्मोनेलासारखे जिवाणू घेऊन येते. त्याहून दुर्लक्षित त्रास ॲलर्जीचा. झुरळांची विष्ठा, लाळ आणि कातीचे कण धुळीत मिसळतात आणि दमा असलेल्या मुलांचा दमा बळावतो. झुरळे मेल्यानंतरही ही धूळ कपाटांत राहते. म्हणून झुरळे संपल्यावर फटी आणि खण ओल्या फडक्याने पुसणे हा बंदोबस्ताचाच भाग समजावा.

घरगुती उपायांच्या याद्या बहुधा वासांपासून सुरू होतात. तमालपत्र, लवंग, कापूर, पुदिना, काकडीच्या साली. झुरळाच्या जगण्याकडे पाहिले तर सुरुवात पाण्यापासून करावी लागते. अन्नाशिवाय झुरळ महिनाभर तग धरते. पाण्याशिवाय जर्मन झुरळ दीड-दोन आठवड्यांपलीकडे सहसा टिकत नाही. खाण्याची त्याला ददात नसते. साबणाचा थर, पुस्तकाच्या बांधणीतली खळ, समईखाली सांडलेले तेल, स्वतःच्या जातभाईंची विष्ठासुद्धा त्याला चालते. त्यामुळे अन्नाचा कणही राहणार नाही इतके घर स्वच्छ ठेवणे कोणालाच जमत नाही. पाण्याचे मात्र तसे नाही. रात्री घरात पाणी उरते ती ठिकाणे मोजकी असतात. गळणारा नळ, सिंकखालच्या पाइपचा झिरपणारा सांधा, ओल्या भांड्यांच्या जाळीखालचा ट्रे, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राखालची ओल, कुंड्यांच्या बशा, ओले फडके आणि घासणी. एक जागा मात्र हटकून विसरली जाते, ती म्हणजे फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरच्या वर बसवलेला पाणी साठण्याचा ट्रे. तिथे ऊब, अंधार आणि पाणी तिन्ही एकत्र मिळतात. झोपण्यापूर्वी सिंक कोरडे पुसणे हा फुकटचा उपाय आहे आणि बाजारातल्या निम्म्याअधिक उपायांपेक्षा तो जास्त काम करतो. इतर उपायांनाही त्याची मदत होते, कारण तहानलेले झुरळ आडोसा सोडून लांबवर हिंडते आणि आमिषापर्यंत पोहोचते.

अन्नाच्या बाबतीत शहरी घरांची एक अडचण आहे. रात्रीची खरकटी भांडी सकाळी घरकामाच्या मावशी येईपर्यंत सिंकमध्ये पडून राहतात. ती रात्रीच घासणे शक्य नसेल तर खरकटे काढून, एकदा विसळून, साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवावीत. साबणाच्या पाण्यात झुरळ बुडून मरते. ओला कचरा झाकणाच्या बादलीत ठेवावा किंवा रात्रीच घराबाहेर जावा. तेलाच्या किटलीचे चिकट बूड, शेगडीखाली साचलेला ओशट थर, रॅकवर अंथरलेली जुनी वर्तमानपत्रे आणि देव्हाऱ्यातला तेलकट कोपरा या जागा आठवड्यातून एकदा तरी पुसल्या गेल्या पाहिजेत. किराणा मालाबरोबर येणारी पुठ्ठ्याची खोकी साठवू नयेत. पुठ्ठ्याच्या पन्हाळ्या जर्मन झुरळाच्या अंगाला नेमक्या मापाच्या असतात, आणि नव्या घरात ही जात बहुतेक वेळा खोक्यांतून, जुन्या फ्रिजमधून किंवा सामानाच्या टेम्पोतूनच शिरते.

आडोशाबद्दल झुरळ फार चोखंदळ असते. पाठ आणि पोट दोन्ही बाजूंनी टेकतील अशी फट त्याला हवी असते. २०१६ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले की अमेरिकन झुरळ अंग दाबून जेमतेम ३ मिलिमीटरच्या फटीतून पार होते. जर्मन झुरळाला त्याहून अरुंद फट पुरते, आणि नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना तर मिलिमीटरभर. टाइल्सचे निघालेले सांधे, ओट्याची कड आणि भिंत यांमधली भेग, दाराच्या चौकटीमागची पोकळी व्हाइट सिमेंट किंवा सिलिकॉनने भरून टाकली की एकदाच केलेल्या कामाचा फायदा अनेक वर्षे मिळतो. सगळ्यात मोठे भगदाड बहुतेक घरांत सिंकखाली असते. सांडपाण्याचा लवचिक पाइप भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या मोठ्या भोकात नुसता खोचलेला असतो आणि त्याच्या भोवतीची मोकळी जागा थेट ड्रेनेजमध्ये उघडते. तिथे पाइपच्या मापाचे रबरी बूच बसवावे किंवा भोक लिंपून घ्यावे.

मोठ्या झुरळांचा बंदोबस्त तर जवळजवळ पूर्णपणे इथेच होतो. न्हाणीघराच्या जमिनीत बसवलेल्या नहाणी ट्रॅपमध्ये वाकड्या भागात थोडे पाणी कायम साचून राहते आणि तेच गटारातून येणारी वाट अडवते. आठ-पंधरा दिवस घर बंद राहिले, किंवा पाहुण्यांच्या खोलीतली मोरी वापरात नसली, की हे पाणी आटते आणि वाट मोकळी होते. गावाहून परतल्यावर न्हाणीघरात झुरळे दिसतात ती यामुळे. वापरात नसलेल्या मोरीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतणे एवढाच त्यावरचा इलाज. लांबच्या प्रवासाला जाताना जाळी प्लॅस्टिकने झाकून वर वजन ठेवावे. हार्डवेअरच्या दुकानात झाकणाची, झुरळांना अडवणारी जाळीही मिळते. उकळते पाणी मोरीत ओतल्याने वाटेत सापडलेली झुरळे मरतात, पण खालच्या चेंबरमधली वस्ती तशीच राहते आणि प्लॅस्टिकचे पाइप खराब होण्याची भीती असते.

एवढे करूनही आत राहिलेली झुरळे मारावी लागतातच. इथे उपयोगी पडते ती झुरळाच्या शरीराची एक कच्ची बाजू. त्याच्या कवचावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो आणि शरीरातले पाणी तोच रोखून धरतो. हा थर गेला की झुरळ कोरडे पडून मरते. डायटोमेशियस अर्थ नावाची पांढरी भुकटी असेच काम करते. डायटम या सूक्ष्म जलवनस्पतींच्या सिलिकाच्या कवचांचे लाखो वर्षे साचलेले थर खणून ती मिळवतात. तिचे कण मेण शोषून घेतात आणि कवच खरवडतात. धान्यात राख कालवून ठेवण्याची जुनी पद्धतही बऱ्याच अंशी याच तत्त्वावर चालते. विष नसल्यामुळे झुरळांना या भुकटीची सवय होणे अवघड. तिची मर्यादा ओलाव्याची आहे. भिजलेली भुकटी निकामी होते, म्हणून कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. भट्टीत भाजलेला, पोहण्याच्या तलावाच्या गाळणीसाठीचा प्रकार घरात वापरू नये. त्यातली स्फटिकी सिलिका फुप्फुसांना घातक असते. घरगुती वापराची भुकटी टाकतानाही नाकातोंडावर फडके बांधावे.

मराठी घरांत जास्त ओळखीची आहे ती बोरिक पावडर. कॅरमच्या बोर्डवर टाकायची पावडर म्हणून ती घराघरांत पोहोचली. आता कॅरमसाठी विकल्या जाणाऱ्या काही पावडरींत बोरिक नसतेच, त्यामुळे औषधाच्या दुकानातून, वेष्टनावर बोरिक ॲसिड लिहिलेले पाहून घ्यावी. ती बोरॉन या खनिज मूलद्रव्यापासून बनते. तिचा भाऊबंद टाकणखार लडाखच्या पुगा खोऱ्यात निसर्गतः सापडतो आणि तिबेटातून तो शतकानुशतके बाहेर जात होता. झुरळ पावडरीवरून चालत गेले की ती पायांना आणि मिशांना चिकटते. मिशा आणि पाय तोंडाने साफ करण्याची त्याला सतत सवय असते, त्या ओघात पावडर पोटात जाते आणि आतड्याचे अस्तर निकामी करते. मरण यायला तीन ते दहा दिवस लागतात. मेलेले झुरळ आणि त्याची विष्ठा इतर झुरळे खातात, त्यातून विषाचा थोडा अंश पुढे जातो.

बोरिक पावडर वाया जाते ती बहुधा जास्त टाकल्यामुळे. पांढरे ढीग झुरळाला कळतात आणि ते त्यांना वळसा घालून जाते. पावडर जेमतेम दिसेल न दिसेल इतकी पातळ हवी. रिकाम्या सॉसच्या बाटलीच्या चोचीतून ती फटीत, ट्रॉलीच्या मागच्या भिंतीला, फ्रिजखाली, विजेच्या पाइपभोवती फुंकरीसारखी उडवावी आणि जागा कोरडी ठेवावी. कोरडी राहिली तर ती महिनोन् महिने काम देते.

दुसरी पद्धत गोळ्यांची. कणीक, साखर किंवा गूळ आणि बोरिक पावडर थोड्या दुधात किंवा पाण्यात मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या केल्या जातात. काही घरांत वासासाठी कांद्याचा रस घालतात. बऱ्याच ठिकाणी कणीक आणि बोरिक निम्मेनिम्म घेतले जाते. इतके बोरिक झाले की गोळीची गोडी जाते आणि झुरळे ती नुसती हुंगून सोडतात. वीस चमचे मिश्रणात एक चमचा बोरिक पुरे. जर्मन झुरळावरच्या प्रयोगांत अर्धा ते दोन टक्के बोरिक असलेले साखरपाणीही परिणामकारक ठरले आहे. गोड आमिषाला झुरळे शिवत नसतील तर शेंगदाण्याचे कूट किंवा थोडे तूप वापरून पाहावे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ग्लुकोज टाळणारी जर्मन झुरळे सापडली होती. आमिषातल्या ग्लुकोजबरोबर विष खाऊन बाकीची मेली आणि ही मागे उरली. २०१३ मध्ये त्याचे कारण उलगडले: या झुरळांच्या तोंडातले कडू चव ओळखणारे चेतातंतू ग्लुकोजलाही प्रतिसाद देतात, म्हणजे साखर त्यांना कडू लागते.

बोरिक पावडरीला घरगुती म्हटले तरी ते विष आहे, याचा विसर पडू नये. गोळ्या पेढ्यांसारख्या दिसतात. रांगती मुले आणि पाळीव प्राणी यांचे तोंड पोहोचेल अशा जागी त्या ठेवू नयेत, आणि ओट्यावर किंवा भांड्यांच्या खणात तर मुळीच नाहीत. जुन्या बाटलीच्या झाकणात ठेवून ते फटीआड सरकवणे सोयीचे. मिश्रण मळायचे भांडे आणि चमचा वेगळा असावा. कोणाच्या पोटात गोळी गेलीच तर वेष्टन बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. खूप लहान मूल असलेल्या घरात गोळ्यांचा नाद सोडून सापळ्यांकडे वळलेले बरे.

सापळा म्हणजे एक काचेची बरणी. तिच्या गळ्याला आतून दोन बोटे रुंद व्हॅसलिनचा पट्टा लावायचा, तळाशी पिकलेल्या केळ्याचा तुकडा किंवा भिजवलेला पाव ठेवायचा आणि बाहेरून कागद गुंडाळायचा, म्हणजे झुरळाला चढायला पकड मिळते. रात्रीत आत उतरलेली झुरळे निसरड्या पट्ट्यावरून वर येऊ शकत नाहीत. सकाळी बरणीत साबणाचे दाट पाणी ओतले की काम झाले. झुरळ नाकाने श्वास घेत नाही; शरीराच्या दोन्ही बाजूंना असलेल्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते. साध्या पाण्यात ही छिद्रे ते बंद ठेवू शकते. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, पाणी छिद्रांत शिरते आणि झुरळ गुदमरते. म्हणून समोर दिसलेल्या झुरळावर फवारायला बाटलीत साबणाचे पाणी भरून ठेवणे हा चांगला उपाय आहे. अंगावर पडले तरच ते मारते, सुकल्यावर त्याचा काही प्रभाव उरत नाही, हे मात्र खरे.

चिकट पुठ्ठ्याच्या सापळ्यांनी झुरळे संपत नाहीत, पण ती कुठे आहेत हे सांगण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. चार-सहा पुठ्ठे भिंतीच्या कडेने आठवडाभर ठेवले की कोणत्या कोपऱ्यात गर्दी आहे ते कळते आणि पावडर तिथेच टाकता येते. काळ्या मिरीच्या भुकटीसारखे दिसणारे ठिपके हीदेखील जर्मन झुरळांची खूण. त्या विष्ठेच्या वासावरच बाकीची झुरळे गोळा होतात, त्यामुळे ती पुसून काढण्याला नुसत्या टापटिपीपेक्षा जास्त अर्थ आहे.

वासांचे उपाय यानंतर येतात, आणि त्यांची जागाही तीच. तमालपत्राची ख्याती बरीचशी बे लॉरेल या भूमध्यसागरी झाडाच्या पानांवरून आली आहे. त्यातल्या सिनिओल या द्रव्यापासून झुरळे दूर राहतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. मसाल्यातले आपले तमालपत्र दालचिनीच्या नात्यातल्या वेगळ्याच झाडाचे असते आणि त्याच्या तेलाची घडणही वेगळी. लवंगेतले युजेनॉल, पुदिन्याचे तेल, निलगिरी यांच्या तीव्र वाफा बंद डब्यातल्या झुरळांना हुसकावतात, दाट प्रमाणात मारतातही. पण उघड्या कपाटात ही तेले काही तासांत, फार तर दोन-चार दिवसांत उडून जातात. कडुनिंबातील ॲझाडिरॅक्टिनमुळे किड्यांची कात टाकण्याची क्रिया बिघडते. पिकावरच्या अळीला ते पानाबरोबर खावे लागते. कपाटात ठेवलेला सुका पाला झुरळ खात नाही, त्यामुळे तिथे त्याचा फारसा प्रभाव पडत नाही. काकडीच्या सालींच्या बाजूने काही पुरावा नाही. खाण्याचा सोडा साखरेत मिसळून ठेवला की झुरळाच्या पोटात वायू होऊन ते फुटते, ही गोष्ट सांगायला रंजक आहे, तिला आधार मात्र अगदी तोकडा आहे.

एवढ्या वासाने झुरळ मरत नाही, सरकते. स्वयंपाकघरातल्या खणात लवंगा ठेवल्या की झुरळे शेजारच्या खणात किंवा टीव्हीच्या मागे जातात, आणि घरभर पसरलेली वस्ती एका जागी असलेल्या वस्तीपेक्षा आवरायला कठीण. आमिषाच्या किंवा पावडरीच्या आसपास वासाची तेले फवारली तर झुरळे तिकडे फिरकतच नाहीत. एक उपाय दुसऱ्याला मारतो. वासांचा खरा उपयोग मर्यादित आहे: साफ करून, फटी बुजवून झालेल्या कपड्यांच्या किंवा पुस्तकांच्या कपाटात नव्याने कोणी येऊ नये म्हणून. मांजर असलेल्या घरात टी-ट्रीसारखी तेले टाळावीत; मांजरांना ती बाधतात.

नैसर्गिक किंवा घरगुती म्हणून खपणाऱ्या दोन गोष्टींबद्दल सावध असलेले बरे. मोरीत आणि बेसिनमध्ये टाकल्या जाणाऱ्या डांबराच्या गोळ्या नॅफ्थलीनच्या असतात. त्यांनी झुरळांना फारसे काही होत नाही. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी मात्र त्या वाफेने फुटू शकतात. दुसरी गोष्ट पायरेथ्रमची. शेवंतीच्या नात्यातल्या एका पांढऱ्या फुलापासून हे कीटकनाशक काढतात, त्यामुळे वनस्पतिजन्य हे बिरुद त्याला शोभते. पण बाजारातल्या बहुतेक फवाऱ्यांत आणि खडूंत त्याची कारखान्यात बनवलेली भावंडे असतात, आणि दोन्ही चेतासंस्थेवर एकाच रीतीने घाला घालतात. वर्षानुवर्षे फवारे झेलून निर्ढावलेल्या जर्मन झुरळांना फुलातले मूळ द्रव्यही म्हणूनच फारसे जाणवत नाही.

झुरळांना घरात शत्रूही असतात. पाल पिल्ले टिपते. पावसाळ्यात खिडकीच्या काचेवर एक काळी, बारीक, निळ्या डोळ्यांची गांधीलमाशी कधी कधी दिसते. तिचे चिमुकले पोट झेंड्यासारखे सतत वरखाली हलत असते. तिचे नाव इव्हेनिया. ती माणसाला त्रास देत नाही. अमेरिकन झुरळाच्या कुपीत ती अंडे घालते आणि तिची अळी आतली सगळी अंडी फस्त करते. घरात ती दिसली म्हणजे आसपास झुरळांच्या कुप्या आहेत असे समजावे आणि तिला मारू नये. हिरव्याकंच चकाकीची दुसरी एक गांधीलमाशी झुरळाच्या मेंदूत नांगी मारते, त्याला मिशीला धरून बिळाकडे नेते आणि अळीचे खाद्य बनवते. १९४१ मध्ये ती झुरळांच्या बंदोबस्तासाठी मुद्दाम हवाई बेटांवर नेण्यात आली, पण तिचे क्षेत्र लहान आणि शिकार मोजकी असल्याने झुरळांची संख्या काही घटली नाही. शत्रूंच्या भरवशावर घर सोडता येत नाही ते यामुळेच.

ऊन हा महाराष्ट्राच्या हवेने दिलेला उपाय आता ब्लॉकच्या घरांत मागे पडला आहे. सुमारे ५० अंश तापमानात झुरळे आणि त्यांची अंडी तग धरत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर ठेवलेले रिकामे पत्र्याचे डबे, ट्रॉलीच्या जाळ्या, लाकडी पाट दुपारभरात तेवढे तापतात. मिक्सर किंवा टोस्टरसारखी विजेची उपकरणे मात्र उन्हात टाकू नयेत. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आत चिकट पुठ्ठा ठेवला तर लपलेली झुरळे हळूहळू बाहेर येऊन अडकतात.

पावडर असो वा आमिष, कुपीतल्या अंड्यांवर कशाचाही परिणाम होत नाही. पहिल्या पंधरवड्यात झुरळे एकदम कमी होतात, गोळ्या सुकून जातात, आणि महिन्या-दीड महिन्याने पिल्ले दिसू लागली की उपाय फसला असे वाटते. खरे तर ती आधीच्याच कुप्यांमधली असतात. जर्मन झुरळांसाठी किमान तीन महिने गोळ्या दर दोन आठवड्यांनी बदलत राहाव्यात. अमेरिकन झुरळांच्या फटीत चिकटलेल्या कुप्या सापडतील तिथे खरवडून चिरडाव्यात. नुसत्या झाडून कचऱ्यात टाकल्या तर त्या तिथे फुटतात. सलग दोन महिने चिकट पुठ्ठे रिकामे राहिले तर ती वस्ती संपली असे धरायला हरकत नाही.

इमारतीत हे काम एकट्या घराचे राहत नाही. स्वयंपाकघरांचे पाइप ज्या डक्टमधून खाली जातात तो सगळ्या मजल्यांना सामाईक असतो, आणि एका घरातून हुसकावलेली झुरळे त्याच वाटेने वरखाली जातात. तीन महिने नेटाने करूनही पुठ्ठ्यांवर झुरळे येतच राहिली, तर डक्टला लागून असलेल्या भिंतीतली भोके आधी तपासावीत आणि चेंबरची झाकणे बसवून घेण्याचा विषय सोसायटीच्या सभेत काढावा. तळमजल्यावर खानावळ किंवा बेकरी असेल तर तिच्यासह सगळ्या घरांत एकाच आठवड्यात आमिषे ठेवावी लागतात. त्यानंतरही वस्ती आटोक्यात येत नसेल तर व्यावसायिक जेल लावून घेण्यात कमीपणा नाही. फक्त तो लावण्याआधी लवंगेची, पुदिन्याची तेले सगळीकडून पुसून काढावीत आणि जेलच्या ठिपक्यांवर फवारा मारू नये.